जिव्हर्नीचं तळं, रूआँचा पाऊस

आई महिनाभर पॅरिसला आमच्याकडे राहायला आली होती. आयफेल टॉवर झाला, लूव्र झालं, आणि मग तिनं जाहीर केलं, "आता गर्दी पुरे." म्हणून साँ-लाझार स्टेशनवरून निघणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावरची दोन ठिकाणं काढली. एक दिवस जिव्हर्नी, एक दिवस रूआँ.

जिव्हर्नीसाठी व्हेर्नोंला उतरून बस घ्यायची. चित्रकार क्लोद मोने या गावात १८८३ साली भाड्यानं राहायला आला, १८९० मध्ये घर विकत घेतलं आणि १९२६ मध्ये इथेच गेला. आम्ही गेलो ते सप्टेंबरच्या सुरुवातीला. घरासमोरची मधली वाट दोन्ही बाजूंनी पसरलेल्या नॅस्टर्शियमनं जवळजवळ गिळून टाकली होती. डेलिया तर फुलपात्राएवढे सोडा, ताटलीएवढे.

कमळांचं तळं रस्त्याच्या पलीकडे आहे, बोगद्यातून जावं लागतं. पाहताना वाटतं, हे इथे कायमच असणार. पण १८९३ मध्ये जमीन घेऊन, एप्त नदीच्या फाट्याचं पाणी वळवून त्यानं ते करवून घेतलं. गावकऱ्यांनी विरोध केला होता : ही परदेशी झाडं पाणी नासवतील, गुरांना बाधेल. मी हे कौतुकानं सांगत होते तर आई म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे जलपर्णीनं नद्यांचं काय केलंय ते बघ." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कमळांवर धूळ बसते म्हणून मोनेनं पदरच्या पैशानं रस्ता डांबरी करून घेतला आणि पानं धुवायला माळी ठेवला, हे मात्र तिला पटलं. हिरव्या जपानी पुलावर संध्याकाळच्या दादरच्या पुलाइतकी गर्दी. फोटो काढायचा तर समोरच्याचं डोकं त्यात येणारच.

घरात भिंतीभर जपानी छापचित्रं, पिवळीजर्द जेवणाची खोली. आई रमली ती निळ्या-पांढऱ्या फरशांच्या स्वयंपाकघरात. ओळीनं टांगलेली तांब्याची पातेली बघून पहिला प्रश्न : "एवढी घासत कोण होतं?"

रूआँला आम्ही उतरलो तेव्हा पाऊस लागला होता. लाकडी चौकटींची जुनी घरं, एकच काटा असलेलं मोठं सोनेरी घड्याळ, आणि ३० मे १४३१ रोजी जोन ऑफ आर्कला जिवंत जाळलं तो बाजारचौक. तिथं आता एक आधुनिक चर्च आहे. आईला ते मुळीच आवडलं नाही, मला थोडं आवडलं.

कॅथेड्रलच्या उजव्या मनोऱ्याला 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. उपासाच्या दिवसांत लोणी खायची सवलत हवी असेल तर चर्चला पैसे द्यायचे. त्या पैशांचा यात वाटा होता. म्हणजे चातुर्मासात कांदा चालवून घ्यायला देवस्थानानं पावती फाडावी तसं! आई इतकी हसली की छत्री उलटी झाली.

याच कॅथेड्रलचा दर्शनी भाग मोनेनं १८९२ आणि १८९३ मध्ये समोरच्या इमारतींतून तिसाहून अधिक वेळा रंगवला. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आईला ते प्रत्यक्षात नुसतं काळवंडलेलं, ओलं दगडी काम वाटलं. मग आम्ही कला-संग्रहालयात शिरलो, खरं तर बूट वाळवायला. तिथं त्यातलं एक चित्र आहे, नेमकं ढगाळ हवेतलं. जवळ गेलं तर रंगाचे खरबरीत थर, गिलावा केल्यासारखे; चार पावलं मागे आलं की दगड ओला होतो. आई पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिली. शेवटी म्हणाली, "चल, परत एकदा बघू."

परत चौकात आलो. पाऊस होताच. एका दुकानाच्या छपराखाली उभं राहून तिनं निवांत बघितलं, आणि आमची गाडी चुकली. पुढची येईपर्यंत फलाटावर बसून आम्ही तिनं आणलेला चिवडा संपवला.