पाच फूट बाय दीड

काल भाकरी थापता थापता आईनं सांगून टाकलं, शिलाई मशीन काढतीय, खिडकीखालची जागा तू घे तुझ्या रेल्वेला. एवढंच. मी "बघू" म्हणाले आणि ताट घेऊन बसले. तिनं एकदा वळून बघितलं, पुढं काही बोलली नाही. तेव्हापासून काहीतरी टोचतंय आणि काय टोचतंय ते कळेना, म्हणून लिहायला बसलीय, सबमिशन तसंच पडलंय.

रेल्वे म्हणजे मॉडेल रेल्वे, खऱ्या गाड्या आणि रूळ मापात छोटे करून फळीवर मांडायचे, आणि तिच्यासाठी दहावीपासून मी ह्या घरात जागा शोधतीय. तोंडानं मागितली नाही कधी, पण टेप घेऊन फिरतीय. कॉटखाली, कपाटावर, माळ्यावर, जिन्याखाली जिथं पप्पा सिलिंडर ठेवतात तिथं. पप्पांचा स्टीलचा टेप आता माझ्याच सॅकमध्ये असतो, त्यांना लागला की ते मलाच विचारतात. आणि आता कुणीतरी आपणहून जागा दिली तर माझं तोंड उतरलं. आनंद व्हायला पाहिजे होता की. का नाही झाला?

रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलच्या टॉर्चवर मोजली. पाच फूट बाय दीड, दीड पण गजाला टेकवलं तर, नाहीतर सव्वा.

माझ्याकडं एक लाल पुठ्ठ्याची फुलस्केप वही आहे, तिच्यात मिरज जंक्शन आहे. आख्खं. एकेकाळी मिरजेत तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तिन्ही मापं होती, पुणे-कोल्हापूरची ब्रॉडगेज, खाली लोंढ्याकडं जाणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीची बारशी लाइट, अडीच फुटी रुळांची. आता सगळं ब्रॉडगेज झालं, पण माझ्या वहीत तिन्ही आहेत. ह्यात एक मजा आहे जी मी कुणालाही सांगितली तरी लोक "हो का" म्हणून मोबाइल बघायला लागतात. मॉडेलच्या मापाला स्केल म्हणतात, एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. त्या हिशोबानं मीटरगेज येते साडेअकरा मिलिमीटर, बाजारात 12 चा रूळ मिळतो, झालं काम. बारशीची 762 मिलिमीटर म्हणजे पावणेनऊ, 9 चा रूळ मिळतो, झालं. आणि आपली रोजची ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर, ती यायला पाहिजे सव्वाएकोणीस, पण रूळ मिळतो साडेसोळाचा, कारण तो परदेशातल्या 1435 च्या गेजसाठी बनवलेला. म्हणजे ज्या दोन गाड्या इथून गेल्या त्या बरोबर मापात बसतात आणि जी रोज डोळ्यासमोरून जाते तिलाच अंग चोरून उभं राहावं लागतं. ह्यावर मी एक रात्र जागलीय, खोटं नाही सांगत.

मिरजेचा प्लॅन काही बसणारा नव्हता, ते मला पण माहीत होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस 24 डब्यांची धरून उभी करायची तर एचओमध्ये एक डबा 25 सेंटिमीटर, म्हणजे नुसती गाडी 6 मीटर, वीस फूट. आमची खोली दहा बाय बारा, त्यात चार माणसं, एक फ्रीज. मग मी एन स्केलवर आले, 1:160. त्यात तीच गाडी अकरा फुटांत येते, म्हणजे बारा फुटी भिंतीला लागून उभी करता येईल, फक्त तिला कुठं जाता येणार नाही. वळवायची तर एचओला 18 इंच रेडियस, एनला पावणेदहा, आणि हे पण कमीत कमी, एवढ्या वळणावर लांब डबे बाहेर लटकतात आणि बघवत नाही.

मग अदरकी. अदरकीचा घाट तर बघायलाच पाहिजे कुणीही, सातारच्या अलीकडं गाडी डोंगराला वळसे घालत बोगद्यांतून जाते, मी पुण्याहून येताना दरवेळी उजवीकडं बसायचं का डावीकडं ह्यावरून दादाशी भांडते. पण घाटाचं पण गणित आहे. दोन टक्के चढ घेतला तर मीटरला 2 सेंटिमीटर. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायचा तर एनमध्ये 5 सेंटिमीटर तरी उंची लागते, म्हणजे अडीच मीटर नुसतं चढत जायचं, तेवढंच उतरायचं. मग जलदूत. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ती गाडी, आधी 10 वॅगनची आणि नंतर 50 ची, एका खेपेला 25 लाख लिटर. मी तेव्हा शाळेत होते, आणि 50 टँकर एकामागोमाग जाताना बघितलेलं माणूस नंतर साधंसुधं काही प्लॅन करूच शकत नाही. एनमध्ये 50 टँकर म्हणजे जवळपास 4 मीटर, इंजिन वेगळं. तो प्लॅन तीन पानांवर आहे, पानं चिकटपट्टीनं जोडलेली.

नंतर एक्सट्रॅककॅड मिळालं, रुळांचे प्लॅन काढायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, त्यात तर भिंतीच नसतात. तुम्ही वाढवत जाल तेवढं वाढतं. मी वाढवत गेले.

आणि हे सगळं वरून पाच फूट बाय दीडवर आलं. तर राग त्याचाच असेल. पण राग आईवर कसा येईल, तिनं तर तिच्याकडची होती ती दिली. तिच्या मशीनची जागा. मशीन का काढतीय विचारलं तर म्हणाली डोळे दुखतात, पिको-फॉलला आता कोण येतंय, सगळे रेडिमेडच घेतात. मी चष्म्याचा नंबर काढूया म्हटलं तर म्हणाली हो काढू. ते असू दे.

दुपारी यूट्यूब लावून बसले आणि अजून वाईट वाटून घेतलं. तिकडं अमेरिकेत एक आजोबा आहेत, त्यांचं तळघरच आमच्या आख्ख्या वाड्याएवढं, त्यात गाड्या आणि डोंगर आणि एक आरामखुर्ची. तळघर! आमच्याकडं सांगलीच्या गावभागात तळघर काढलं तर कृष्णामाईच आधी येऊन राहील. मला वाटलं आपण जन्मालाच चुकीच्या चौरस फुटात आलोय. वीस-एकवीस वय, शिक्षण चालू, हातात पैसा नाही, इंजिन परदेशातून मागवायचं तर वर कस्टम ड्युटी. छंद असावा तर ट्रेकिंगसारखा असावा, किल्ले राजांनी आधीच बांधून ठेवलेत. आणि आत्या दिवाळीत वही बघून "मोठ्या मुलीची भातुकली" म्हणाली होती आणि हसत हसत पुढं म्हणाली होती, सासरी कुठं ठेवणार हे. सगळे हसले. मी पण.

पण खरं सांगायचं तर जागा लहान म्हणून तोंड उतरलं नाही. लहान आहे हे मला आयुष्यभर माहीत आहे. दुसरंच काहीतरी आहे. जागा नव्हती तोपर्यंत माझं मिरज जंक्शन पूर्ण होतं, त्यात रात्रीचे सिग्नल पण लागायचे. कुणी विचारलं "कधी करणार" तर मी म्हणायचे जागा नाही ना हो. किती सोयीचं उत्तर होतं ते. आता ते उत्तर आई मशीनबरोबर घेऊन चाललीय. आता लाकूड कापायला लागेल, कापलं की चुकेल, रूळ ठोकला की गाडी घसरेल, आणि पाच फुटांत तीन गेज येणार नाहीत, जलदूत येणार नाही, अदरकी तर नाहीच. एकदा छोटं केलं की मोठं आपोआप रद्द होणार का? हे आईला कसं सांगायचं. "तू जागा दिलीस म्हणून मला वाईट वाटलं" असं कुणी म्हणतं का.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. मी सगळं रडगाणं सांगितलं, तो शांतपणे ऐकत होता, मला वाटलं समजून घेतोय, तर म्हणाला, "पाच बाय दीड? अगं माझी कॉट सहा बाय अडीच आहे आणि त्याचं मी भाडं देतो. तुला फुकटात अर्धी कॉट मिळाली." मग म्हणाला त्याच कॉटखाली माझी बॅग, बूट आणि रूम पार्टनरचा तांदूळ आहे. मला हसू आवरेना. रडायचं ठरवून बसलेल्या माणसाला असं हसवू नये.

आजीनं मात्र वेगळाच मुद्दा काढला. ती कवठेमहांकाळची, लहानपणापासून बारशी लाइटनं पंढरपूरला गेलेली. मिरजेपर्यंत ती लाइन 1927 ला आली हे मी तिला सांगितलं तर म्हणाली असेल बाई, मला गर्दी तेवढी आठवते. ती म्हणाली, तुझ्या ह्या फळीवर पंढरपूर कुठाय? मी तिला समजावलं की मोठ्या लेआउटला पडद्यामागं रूळ ठेवतात, गाडी बोगद्यातून आत गेली की ती पंढरपूरला गेली असं समजायचं, थोड्या वेळानं परत येते. हे तिला लगेच पटलं. "मग काढ की भोक भिंतीला." आजी, भिंतीपलीकडं काकूंचा देव्हारा आहे. "मग तर पंढरपूर आलंच."

रात्री वही पुन्हा उघडली, पण ह्यावेळी मागच्या पानावरून. तिथं एक चिटुकला प्लॅन मी कधीतरी उतरवून ठेवला होता आणि तुच्छतेनं सोडून दिला होता. इंगलनुक म्हणतात त्याला, ॲलन राइट नावाच्या इंग्लंडमधल्या माणसानं काढलेला. तीन सायडिंग, म्हणजे वॅगन उभ्या करायचे बाजूचे रूळ, आणि दोन पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे सांधे, बास. एका सायडिंगमध्ये पाच वॅगन मावतात, बाकी दोन्हीत तीन तीन, आणि पुढं इंजिनासाठी जेवढी लाइन असते तिच्यात इंजिन आणि तीनच वॅगन. एकूण वॅगन आठ. आठ चिठ्ठ्या करायच्या, त्यातल्या पाच काढायच्या, ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं गाडी लावून द्यायची. वाटतं सोपं. पण जागा इतकी मोजून मापून दिलेली असते की एक वॅगन हवी असली तर आधी दुसऱ्या तिघींना कुठंतरी सरकवावं लागतं, आणि त्या सरकल्या की चौथी वाटेत येते. आमच्या घरी पाहुणे मुक्कामाला आले की अंथरुणं घालताना हेच चालतं. अशा वेगवेगळ्या गाड्या किती होऊ शकतात ते काढलं, आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, 6720. रोज एक लावली तरी अठरा वर्षं जातील. वीस फूट प्लॅटफॉर्मवर महालक्ष्मी येणार, थांबणार, जाणार. तिथं मला करायला काय आहे? हिरवा झेंडा?

म्हणजे मी मिरज सोडलंय असं नाही. वही आहे, वही कुणी मागत नाही. त्या तीन गेजचं काय करायचं ते नोकरी लागल्यावर बघू, लागली तर, कुठं लागेल ते पण...

स्टेशनचं नाव ठरवलं. हरिपूर रोड. असलं स्टेशन कुठंच नाही, त्यामुळं कुणी चुका काढू शकणार नाही. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल, त्यामुळं एक सायडिंग हळदीच्या गोदामाचं, एक गुळाचं आणि तिसऱ्यावर तासगावचे बेदाणे. जुन्या चार चाकी वॅगन घ्यायच्या, एचओमध्ये एक साधारण 10 सेंटिमीटर. पाच वॅगनचे 50, दोन पॉइंटचे 35, पुढं इंजिन आणि तीन वॅगनचे 45. झाले 130. पाच फूट म्हणजे 152. वीसेक सेंटिमीटर उरतात! त्यात एक चहाची टपरी आणि एक लिंबाचं झाड येईल.

सकाळी आईला सांगितलं की घेते जागा. ती म्हणाली मग स्टँड ठेवते, मुंडकं तेवढं देते, त्या लोखंडी स्टँडवर फळी टाक, हलायची नाही. मी तिला म्हटलं मशीन ठेव ना, फळी वर ठेवू आणि शिवायचं असलं की उचलू. "कशाला," म्हणाली आणि पुढं लगेच लाइटचा पॉइंट जवळ लागेल का ते विचारलं. लागेल म्हटलं, पण रुळात 12 व्होल्टच असतात, शॉक बसत नाही. हे तिला दोनदा सांगावं लागलं.

आता खरी अडचण पुराची आहे. ह्याचा अमेरिकेतल्या आजोबांनी कधी विचार केला नसणार. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, आणि 2019 ला ते 57 च्या वर गेलं होतं, तेव्हा ह्याच खिडकीतून आत आलं. म्हणजे फळी अशी पाहिजे की 40 ला उचलून माळ्यावर टाकता येईल आणि ती मला एकटीला उचलता यायला पाहिजे, कारण पप्पा त्या वेळी दुकानातला माल हलवत असणार. म्हणजे दोन तुकडे, मधे बोल्ट. पण बरोबर मधोमध कापली तर 76 सेंटिमीटरवर जोड येतो आणि तिथंच दुसरा पॉइंट बसतोय. पॉइंटवर जोड नको. तीन फूट आणि दोन फूट अशी तोडली तर दोन्ही पॉइंट मोठ्या तुकड्यात राहतात, जोड साध्या सरळ रुळांवर येतो. तीन रुळांची टोकं जुळवायची फक्त. प्लाय 12 चा घेतला तर वजन वाढतंय, 9 चा वाकेल का, खाली पट्ट्या मारल्या तर?

दादाचा जुना कॅरमबोर्ड कपाटामागं आहे, वजनाला भारीच आहे. तो घेऊन शिडी चढून बघते एकदा, आई बाजारातून यायच्या आत.