तुम्ही विचारलंत म्हणून: आता कोणाला ट्रेड करायचं?

मी डॅलस मॅव्हरिक्स या एनबीए (अमेरिकन बास्केटबॉल लीग) टीमचा चाहता आहे हे कळलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "लूका गेल्यावरही?" लूका डॉन्चिच म्हणजे आमचा सगळ्यात मोठा स्टार, तरी उत्तर एका शब्दात: हो. दुसरा मात्र पुन्हा पुन्हा येतो, "मग आता कोणाला ट्रेड करायचं?" त्यालाच उत्तर देतो.

आधी एक गैरसमज काढतो. ट्रेडशी, म्हणजे टीम्समधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीशी, माझं वैर नाही. डर्क नोवित्स्कीला 1998 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत) निवडलं होतं मिलवॉकीनं. ड्राफ्टच्याच रात्री तो ट्रेडमध्ये आमच्याकडे आला आणि 21 सीझन कुठे हलला नाही. 2011 ची ट्रॉफी त्याच ट्रेडची. 2018 मध्ये लूका डॉन्चिचही असाच अटलांटाकडून आला. मला सलतात ते करार संपल्यावर, ट्रेड न होताच गेलेले. 2004 मध्ये स्टीव्ह नॅश फिनिक्सला गेला आणि लागोपाठ दोनदा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. 2022 मध्ये जेलन ब्रन्सन न्यूयॉर्कला गेला. दोन्ही वेळा बदल्यात शून्य.

मग फेब्रुवारी 2025 मध्ये लूकाला लेकर्सकडे ट्रेड केलं, त्याचा एवढा राग का? मिळालेल्या किमतीमुळे. लूका 25 वर्षांचा, बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस 31 चा. सोबत मॅक्स ख्रिस्टी आणि लेकर्सचा 2029 चा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे खेळाडू निवडायचा हक्क. एकच! आदल्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कनं मिकल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीचे पाच पिक मोजले होते, आणि तो तोवर एकदाही ऑल-स्टार झालेला नव्हता. घरातला दागिना एकाच सराफाला दाखवून विकून टाकावा, तसं झालं.

पुढे ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत जेमतेम 1.8 टक्के शक्यता असताना पहिला पिक आम्हाला लागला आणि 18 वर्षांचा कूपर फ्लॅग आला. लगेच मित्रांचे हिशेब सुरू: आमचा स्टार काइरी अर्विंग गुडघ्याच्या दुखापतीतून बरा होईल, त्यात आणखी एक मोठं नाव आणा, की झालं.

अशा वेळी मी त्यांच्यापुढे पिकांचं खातं मांडतो. 2027 चा पिक शार्लटला दिलेला, पहिल्या दोनांत आला तरच वाचतो. 2028 मध्ये ओक्लाहोमा सिटीला वाटलं तर ते आमच्याशी पिकांची अदलाबदल करणार. 2029 चा ह्यूस्टनकडे. 2030 मध्ये अदलाबदल सॅन अँटोनियोच्या मर्जीवर. लूकाभोवती टीम उभी करताना घेतलेली ही उचल. त्या टीमनं 2024 ची फायनल गाठली, ती बॉस्टननं 4-1 नं जिंकली, मग लूकाही गेला, आणि फेड अजून बाकीच. फ्लॅगच्या ऐन विशीतली हीच वर्षं. हरणाऱ्या टीमला वरचा पिक मिळतो, पण या काळात टीम हरली तर फायदा दुसऱ्यांचा, म्हणजे मुद्दाम तळाला जाऊन पुन्हा वर यायचा रस्ताही बंद. उरलेसुरले पिक एखाद्या नाराज स्टारवर उधळायचे असतील तर मी त्यात नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. तिशी ओलांडलेल्या कोणाबद्दलही फोन आला तर उचलावा. क्ले थॉम्पसनबद्दल, आणि हो, काइरीबद्दलसुद्धा. बदल्यात पिक मागावेत, नाहीतर फ्लॅगबरोबर वाढेल असा तरुण पॉइंट गार्ड (बॉल वर आणून खेळ रचणारा). 2025 चा सीझन सुरू झाला तेव्हा कोच जेसन किडनं ते काम फ्लॅगकडेच दिलं होतं. पोरगं डगमगलं नाही, पण बॉल वर आणण्यातच त्याचा दम जात होता.

आमच्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), डेरेक लाइव्हलीला मात्र हात लावू नये. सारखा दुखापतीत असतो म्हणून काढा, असं म्हणणारे बरेच भेटतात. पण दुखापतीत असलेल्या सेंटरला भाव कोण देणार? बरा होऊ दे, मग बोलू.

एक मित्र दर आठवड्याला ट्रेड मशीनवर (सौदा नियमांत बसतो का ते दाखवणारी वेबसाइट) जुळवलेला सौदा पाठवतो. पगार जुळलेले असतात, मशीन हिरवा कौल देतं. मी त्याला एवढंच विचारतो, पलीकडच्या टीमनं हे का म्हणून घ्यावं? त्यावर तो पुढचा सौदा पाठवतो.

काइरीचं नाव लिहिताना माझाही हात दोन क्षण थांबला होता, हे कबूल.