बुलिमियातून बाहेर येताना: भूक बाजूला ठेवून घड्याळाप्रमाणे जेवण

बुलिमिया म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाणं आणि मग उलट्या, जुलाबाच्या गोळ्या किंवा उपाशी राहून त्याची भरपाई करणं. त्याच्या उपचारात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ठरल्या वेळी खाण्याचा. बाकीचं त्याच्याच आधाराने जमत गेलं, म्हणून तेच सविस्तर लिहितेय. माझं वजन आणि कॅलरींचे आकडे मुद्दाम देत नाही. या आजारात दुसऱ्याचे आकडे दिसले की मन लगेच तुलना करायला लागतं.

सुरुवात तपासण्यांपासून झाली. वारंवार उलट्या केल्या की शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि ते फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून रक्तातले क्षार, किडनीची तपासणी, ईसीजी, शिवाय झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब. वजन नॉर्मल आहे म्हणून हे टाळू नका. बुलिमिया असलेल्या बऱ्याच जणांचं वजन नॉर्मल किंवा त्याहून जास्त असतं, म्हणूनच तो वर्षानुवर्षं घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

मग वेळापत्रक. तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं खाणं आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक लागली नसली तरी खायचं, कारण इतके दिवस दाबलेली भूक आणि पोट भरल्याची जाणीव, दोन्हींवर सुरुवातीला भरवसा ठेवता येत नाही. दिवसभर कमी खाल्लं की संध्याकाळी ताबा सुटतो, मग उलटी, मग भरपाई म्हणून पुन्हा उपाशी राहणं. हे चक्र उलटीपाशी तोडायला गेलं की फारसं हाती लागत नाही. उपाशी राहणं थांबवलं की ते सैल पडतं. अमेरिकेत मिनेसोटा इथे 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात सतत खाण्याचेच विचार यायला लागले आणि नंतर पुरेसं अन्न मिळाल्यावरही काहींचा ताबा सुटायचा. मनाचा दुबळेपणा म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं.

सोबत एक वही. वेळ, काय खाल्लं, कुठे, ताबा सुटला असेल तर फुली, उलटी झाली असेल तर तीही, आणि शेवटच्या रकान्यात त्या वेळी मनात काय चाललं होतं ते. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलं तर नेमका फुलीच्या आधीचा तास निसटतो आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. माझ्या वहीत बहुतेक फुल्यांच्या वर एक चुकवलेलं जेवण असायचं.

पहिले काही आठवडे पोट गच्च वाटतं, कारण ते सावकाश रिकामं होत असतं. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या थांबल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, घोटे सुजतात, काटा अचानक वर जातो. ती चरबी नसते, पण बरेच जण इथेच घाबरून सोडून देतात. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी. निष्कर्ष चार आठवड्यांचे आकडे एकत्र बघून काढायचा. जुलाबाच्या गोळ्यांविषयी एवढंच, की त्या मोठ्या आतड्यावर काम करतात आणि अन्नातली बहुतेक ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. बाहेर जातं ते मुख्यतः पाणी आणि क्षार.

जेवणानंतरचा तास सगळ्यात कठीण. त्या वेळी माणसांत बसायचं. उलटी करण्याची उबळ वाढते, टिकते आणि ओसरते. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण घासलं जातं. नुसत्या पाण्याने चूळ भरा. आणि पुढचं ठरलेलं खाणं चुकवू नका.

वजन फार घसरलेलं असेल किंवा बरेच दिवस जवळजवळ काही खाल्लं नसेल, तर हे वेळापत्रक घरच्या घरी सुरू करू नका. खाणं एकदम वाढवलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. तिथे दवाखान्यात, रोजच्या रक्ततपासणीवर लक्ष ठेवूनच अन्न वाढवतात. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, यातलं काहीही झालं तर थांबू नका, लगेच तातडीच्या विभागात जा.