बारीक, चपट केसांना उठाव : पावसाळ्यातील नोंद

माझे केस विरळ नाहीत, पण प्रत्येक केस बारीक आणि सरळ आहे. त्यामुळे धुतल्यानंतर काही तासांतच ते टाळूला चिकटून बसतात. उन्हाळ्यात बसवलेली पद्धत ठाण्याच्या दमट हवेत कितपत टिकते, ते या पावसाळ्यात पाहत आहे.

आपल्या केसांची मूळ अडचण वजनाची नसून ताठपणाची आहे. केसाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 75 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केस 50 मायक्रॉनच्या केसापेक्षा दीडपटच जाड असला, तरी वाकण्याला सुमारे पाचपट विरोध करतो. त्यामुळे दाट, राठ केसांना मानवणारे सीरम आपल्या केसांना लावले की ते लगेच खाली येतात, आणि टोकांना काहीही चोपडले तरी मुळाशी उठाव येत नाही.

तेल मी सोडलेले नाही. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसून आले होते. त्याच अभ्यासात सूर्यफुलाच्या व खनिज तेलाने हा परिणाम साधला नव्हता. न्हाण्याच्या आदल्या रात्री कानांच्या खालच्या भागालाच ते थोडेसे लावते. न्हाल्यानंतर मात्र एक थेंबही नाही. शिकेकाईचा काढा फडक्यातून दोनदा गाळून घेतल्यास केसांना किंचित खरखरीतपणा येतो, केस एकमेकांना धरून राहतात आणि हा खरखरीतपणाच मला हवा असतो. कंडिशनरमधील धनप्रभारित घटक केसाच्या ऋणप्रभारित पृष्ठभागाला चिकटून बसतात व साध्या पाण्याने पुरते निघत नाहीत, म्हणून तो फक्त खालच्या अर्ध्या लांबीलाच लावावा.

खरे काम वाळवताना होते. पाण्याने केराटिनमधील, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्यातील, हायड्रोजन बंध सुटतात आणि केस वाळताना ते नव्याने जुळतात. त्यामुळे शेवटच्या ओलाव्याच्या वेळी मुळे ज्या स्थितीत असतील, तीच स्थिती पुढे टिकते. मी मान खाली घालून, कंगवा न लावता, बोटांनीच केस बहुतांशी वाळवते. थोडासा ओलावा उरला की लिंबाएवढा मूस, म्हणजे केस बसवण्याचा फेस, केवळ मुळांशी लावते आणि भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला पाडते. माथ्यावरच्या बटा सरळ वर न ओढता कपाळाच्या दिशेने पुढे ओढून मोठ्या वेल्क्रो रोलरवर गुंडाळते, कारण त्यामुळे मूळ उभे राहून थोडे पुढेच झुकते आणि नंतर केस मागे पडले तरी उंची शिल्लक राहते. ड्रायरची गरम हवा दिल्यानंतर रोलर पूर्ण थंड होईपर्यंत काढायचे नाहीत. घाईत ही पायरी गाळली, तर आधीची सारी मेहनत पाण्यात जाते.

पावसाळ्यात नेमके हेच बंध हवेतल्या ओलाव्याने सैल होतात. त्यावर जास्त मूस हा उपाय नाही. जुन्या धाटणीच्या मूसमधील पीव्हीपी हा केसांना धरून ठेवणारा घटक स्वतःच ओलावा शोषून चिकट होतो, आणि लोकलमधून उतरेपर्यंत केसांच्या दोऱ्या झालेल्या असतात. घटकांच्या यादीत व्हीपी/व्हीए कोपॉलिमर (तेच काम करणारा, पण ओलावा कमी शोषणारा घटक) असलेला मूस माझ्याकडे अधिक टिकला. दुपारी उठाव उतरला की मी भांग पुन्हा पहिल्या बाजूला नेते आणि मुळांशी चिमूटभर आरारूट बोटांनी चोळते. ते तेलकटपणा शोषून घेते, मात्र काळ्या केसांवर पांढुरके दिसू नये म्हणून नीट झटकावे लागते.

उलटे विंचरून केस फुगवणे मी पूर्णपणे टाळते. केसावरच्या खवल्यांची दिशा टोकाकडे असते आणि उलटा कंगवा नेमका त्यांच्या विरुद्ध फिरतो. बारीक केसांना ही झीज परवडत नाही. लग्नकार्यात अंबाडा भरदार हवा असेल, तर आजीच्या पिढीचे गंगावन आजही सर्वांत प्रामाणिक उपाय आहे, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

कापण्याच्या बाबतीत लेयर मी सोडून दिले. पुष्कळ लेयरमुळे माथ्यावर उठाव आला, तरी खाली शेपटीसारखी विरळ टोके उरत होती. खांद्याला टेकणाऱ्या लांबीवर एका रेषेत कापल्यावर टोके दाट दिसू लागली आणि मुळांवरचा भारही कमी झाला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत असल्याने दिवाळीपूर्वी पुन्हा कापावे लागतील. तेव्हा हनुवटीपर्यंतची लांबी ठेवून, ऑक्टोबरच्या कोरड्या होत जाणाऱ्या हवेत मूस न वापरता केवळ रोलरवर किती वेळ निभावते, ते पाहायचे आहे.