झोपूनही न जाणारा थकवा

माझी धाकटी जाऊ पिंपळगाव बसवंतला असते, घरची द्राक्षबाग आहे. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन), सगळं नाशिकलाच झालं आणि ते संपूनही वर्ष उलटून गेलं. रिपोर्ट चांगले आहेत. पण ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मजुरांच्या चहाचं पातेलं खाली उतरवलं की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागतो. "आता बरी झालीस ना, मग थकायला काय झालं?" घरचीच माणसं हे विचारतात. या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. हा थकवा झोप काढून जात नाही आणि उपचार संपल्यावरही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघितलं, दोन्ही ठीक निघालं. ही तपासणी आधी व्हायलाच हवी.

मग नात्यातल्या एकांनी चिनी जिन्सेंगच्या गोळ्या मागवून दिल्या. चिनी वैद्यकात अशा माणसाच्या अंगातली 'ची', म्हणजे प्राणशक्ती, उणी झाली असं मानतात आणि ती भरून काढायला जिन्सेंग, हुआंगची अशा मुळ्या देतात. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने ३६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली छापून आला. रोज २००० मिलिग्रॅम जिन्सेंग घेणाऱ्यांचा थकवा आठ आठवड्यांनी कमी झालेला दिसला, विशेषतः उपचार चालू असणाऱ्यांचा. पण ते होतं अमेरिकन जिन्सेंग, त्या मुळीची निव्वळ पूड. चिनी जिन्सेंगची जात वेगळी. आमच्या डबीवर तर मुळी कुठली, किती, याचा धड पत्ताच नव्हता. जिन्सेंगचं वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी जमत नाही, आणि जाऊबाईंची हार्मोनची गोळी अजून चालू आहे. डॉक्टरांनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि "नको" म्हणाले. विषय संपला.

मला खरा भरवसा वाटतो तो दाब देण्यावर, म्हणजे अ‍ॅक्युप्रेशरवर. मिशिगन विद्यापीठाने उपचार संपून किमान वर्ष झालेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या बायकांना स्वतःच्या बोटांनी ठरावीक बिंदू दाबायला शिकवलं. रोज, सहा आठवडे. २०१६ साली निष्कर्ष आले: दाब देणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त जणींचा थकवा सर्वसाधारण पातळीवर आला, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. मन शांत करणारे बिंदू दाबणाऱ्यांची झोपही सुधारली.

तेच बिंदू आम्ही धरले. दोन भुवयांच्या मधला. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूचा. पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडामागे एक. तिथे अंगठा टेकवला की ती "आई गं" म्हणते, मग कळतं जागा बरोबर आहे. (गरोदर बाईने मात्र हा दाबायचा नाही.) पावलावर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या खाचेतून थोडं मागे एक. कानामागेही एक आहे, तो तिचा तिला पटकन सापडत नाही. एकेका जागेला तीन मिनिटं, रात्री अंथरुणावर बसून. थकवा समूळ गेला असं ती म्हणत नाही. पण रात्री तीनला जाग येणं थांबलंय आणि संध्याकाळी बागेत बांधापर्यंत चालून येते. ते चालणं मला दाबाइतकंच मोलाचं वाटतं, कारण या थकव्यावर व्यायामाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे.

सुयांचं, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचं, अजून ठरलेलं नाही. किमोत रक्तपेशींचा काउंट खाली असताना सुया नकोतच, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला तर नंतरही नको. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, उपचार करणाऱ्यांची नोंदणी होते. सुया टोचून घ्यायच्या असतील तर नोंदणी आहे का आणि कर्करोगाचे रुग्ण याआधी हाताळलेत का, हे दोन्ही तोंडावर विचारायचं, असं आमचं ठरलंय.