शेपटीवरचे तांबूस पट्टे

मुलांच्या पुस्तकांसाठी मी प्राचीन प्राण्यांची चित्रे काढतो, आणि चित्र पाहणाऱ्यांपैकी एक जण तरी विचारतोच: “हाडे सापडली हे ठीक, पण रंग कोणी सांगितला? मनानेच भरलात ना?” तुम्हीही विचारलेत, म्हणून सांगतो. टिरॅनोसॉरसच्या तपकिरी रंगाबाबत हा आरोप मला मान्य आहे. सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीला मात्र मनाला येईल तो रंग देण्याची मुभा आता उरलेली नाही.

चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेला हा लहानसा डायनासोर सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या शेपटीवर केसांसारख्या पिसांचे गडद पट्टे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. पण दगडातला गडदपणा म्हणजे मूळचा रंग नव्हे. केसांना आणि पिसांना काळा, करडा किंवा तांबूस रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य मेलॅनोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुड्यांत साठवलेले असते, आणि आतल्या मालाप्रमाणे पुडीचा आकार बदलतो: काळ्याची पुडी लांबट, साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, तर तांबूस रंगाची गोलसर आणि आखूड. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे कण जीवाश्मांत पूर्वीही दिसले होते, पण पिसे कुजवणारे जिवाणू समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. २००८ मध्ये याकोब विंथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधील एक पट्टेदार जीवाश्म पीस तपासले, तेव्हा हे कण फक्त गडद पट्ट्यांत आढळले, फिक्या पट्ट्यांत नाहीत. जिवाणू काही पट्टे पाहून पंगतीला बसत नाहीत.

२०१० मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्सच्या पट्ट्यांत गोल कण सापडले, म्हणजे रंग तांबूस. त्याच वर्षी अँकिऑर्निसच्या एकाच जीवाश्मातून २९ ठिकाणचे नमुने घेऊन, त्यांतील कणांची आजच्या पक्ष्यांच्या कणांशी तुलना करून, करड्या-काळ्या अंगाचा, काळ्या टोकांच्या पांढऱ्या पंखांचा आणि तांबूस तुऱ्याचा पक्ष्यासारखा डायनासोर उभा करण्यात आला. कॅनडातील बोरिअलोपेल्टा या डायनासोरचा पुरावा आकाराचा नसून रासायनिक आहे: त्याच्या कातडीतील अवशेषांवरून पाठ तांबूस-तपकिरी आणि खालची बाजू फिकी असावी असे २०१७ मध्ये मांडले गेले. वरून गडद आणि खालून फिके अंग शिकाऱ्याच्या नजरेतून सुटायला मदत करते; म्हणजे १३०० किलोच्या चिलखती प्राण्यालाही लपावे लागत होते, ही गोष्ट मला रंगापेक्षा अधिक विलक्षण वाटते.

या पद्धतीच्या मर्यादाही चित्रकाराला ठाऊक असाव्या लागतात. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने कण आक्रसतात. काही कण तर कातडीचे नसून शरीराच्या आतल्या अवयवांचे असतात. पिवळा आणि केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मेलॅनोसोमसारखी पुडी मागे ठेवत नाहीत, त्यामुळे जेथे मेलॅनिन सापडत नाही, ती जागा पांढरीच होती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीतले फिके पट्टे मी पांढरे रंगवतो खरे, पण कोणी ते पिवळसर रंगवले तर त्याच्याशी मी भांडणार नाही. तांबूस पट्ट्यांवरून मात्र जरूर भांडेन.