तुम्ही विचारलंत म्हणून: पिकासोची पेन्सिल पोर्ट्रेट्सच का?

स्केचिंग शिकायला येणारे हमखास विचारतात, की पिकासो म्हटलं की क्युबिझम (वस्तू तोडून भौमितिक आकारांत मांडणारी शैली), मग तुम्ही सारखी त्याने काढलेली मित्रमंडळींची साधी पेन्सिलची पोर्ट्रेट्सच का दाखवता? तर सांगते. मला त्याची खरी हिंमत तिथेच दिसते.

१९१५ ला, क्युबिझमचा बोलबाला असताना, याने कवी माक्स जाकोबला बसवून अगदी अँग्र या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराच्या वळणाचं, जुन्या पद्धतीचं, नीट ओळखू येईल असं पोर्ट्रेट काढलं. क्युबिस्ट गोटात कुजबुज झाली, हा मागे फिरला म्हणून. पण तो क्युबिझमही करतच राहिला, दोन्ही एकाच वेळी!

आता १९२० च्या मे महिन्यातलं संगीतकार स्त्राविन्स्कीचं पोर्ट्रेट बघा. त्याच महिन्यात पॅरिसला दोघांचा 'पुल्चिनेल्ला' बॅले आला होता, संगीत स्त्राविन्स्कीचं, सेट आणि कपडे पिकासोचे. चित्रात शेडिंग जवळपास नाहीच, नुसती बाह्यरेषा, तरी माणूस खुर्चीत चांगला वजनदार बसलाय. कशामुळे? माझ्या मते हातांमुळे. चेहऱ्याच्या मानाने केवढे मोठे आणि जाडजूड आहेत ते, आणि हे प्रमाण चुकलेलं नाही बरं का, कारण त्याच महिन्यात काढलेल्या एरिक साती या संगीतकाराचेही हात तसेच आहेत. जे काम आपण सावली भरून करतो, म्हणजे शरीर कागदातून पुढे आणायचं, ते इथे हात करतात, आणि वर चष्म्यातली नजर इतकी नेमकी की बाकीचं कमी आहे असं वाटतच नाही.

याच स्त्राविन्स्कीचं एक पोर्ट्रेट त्याने आधी, १९१७ ला रोममध्ये काढलं होतं. ते घेऊन स्त्राविन्स्की स्वित्झर्लंडला परत निघाला, तर कियासो या सीमेवरच्या गावी अधिकाऱ्यांनी अडवलं. युद्धाचे दिवस, त्यांना तो कसला तरी नकाशा वाटला. हे माझं पोर्ट्रेट आहे असं सांगूनही सोडेनात, शेवटी ते ब्रिटिश दूतावासाच्या टपालातून पाठवावं लागलं.

म्हणून स्त्राविन्स्की आणि साती शेजारी शेजारी ठेवा, चेहरे झाका आणि आधी फक्त हात कॉपी करा, खोडरबर न वापरता.